जोंजूचे स्टेडियम : पाहुणी स्पर्धा आणि घरचा संघ

प्रकरणाची मांडणी

जागतिक फुटबॉल स्पर्धेचे यजमानपद मिळते देशाला, पण सामने होतात शहरांत, आणि स्पर्धा आटोपल्यावर मैदानाचे वीजबिल, गवताची निगा व रिकाम्या खुर्च्या यांचा हिशेबही त्या शहरांनाच मांडावा लागतो. दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्य भागातील जोंजू या शहराने हा हिशेब पंधरा वर्षांच्या अंतराने दोनदा मांडला आहे. २००२ च्या विश्वचषकाचे तीन सामने तेथे झाले. २०१७ मध्ये वीस वर्षांखालील खेळाडूंचा विश्वचषक कोरियात भरला तेव्हा सलामीचा सामना, यजमान संघाचे पहिले दोन सामने आणि एक उपांत्य सामनाही जोंजूला मिळाला. साडेसहा लाखांच्या आसपास वस्ती, स्वतःचा विमानतळ नाही, मेट्रो नाही, आणि देशात ओळख आहे ती जुनी घरे, कागद, गाणे व जेवण यांसाठी. असे शहर एवढ्या मोठ्या मैदानाचे ओझे पेलते कसे, हा या प्रकरणातील पहिला प्रश्न आहे. ते ओझे प्रत्यक्षात कोणाच्या खांद्यावर पडते, हा दुसरा; आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

जोंजूविषयी लिहिणारे बहुतेक जण यशाचे श्रेय शहराच्या संस्कृतीला देतात. स्टेडियमचे छप्पर पारंपरिक पंख्यासारखे आहे, शहर युनेस्कोच्या यादीत आहे, तेव्हा स्पर्धा आणि संस्कृती यांचा येथे सुंदर मेळ बसला, असा हा युक्तिवाद असतो. तो खोटा नाही, परंतु अपुरा आहे. हे मैदान जिवंत ठेवले ते एका क्लबने आणि बांधकामाच्या वेळी घेतलेल्या एका साध्या निर्णयाने. संस्कृतीचा वाटा निश्चित आहे, पण तो छपरावर शोधून सापडत नाही.

शहर : परंपरा ही येथे निवड आहे

जोंजूचा राजकीय इतिहास मोठा आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी ग्योन ह्वोन याने स्थापलेल्या उत्तरकालीन बेक्जे राज्याची ही राजधानी होती. १३९२ मध्ये जोसोन राजवंश स्थापन करणाऱ्या यी सोंग-ग्ये याच्या घराण्याचे मूळ जोंजूचे, म्हणून १४१० मध्ये त्याचे चित्र ठेवण्यासाठी येथे ग्योंग्गीजोन हे देवालयवजा स्मारक उभारण्यात आले. १५९२ मध्ये जपानने आक्रमण केले तेव्हा जोसोन राजवंशाच्या अधिकृत बखरींच्या चार प्रती चार ठिकाणी ठेवलेल्या होत्या. त्यांपैकी तीन जळाल्या आणि जोंजूची तेवढी डोंगरात हलवल्यामुळे वाचली. पुढे १८९४ मध्ये दोंगहाक शेतकरी बंडखोरांनी हेच शहर ताब्यात घेतले होते आणि त्यानंतरचा करारही जोंजूच्याच नावाने ओळखला जातो.

आज पर्यटक ज्यासाठी येतात ती हानोक वस्ती, म्हणजे वळणदार कौलारू छपरांची सातशेहून अधिक लाकडी घरे, मात्र तितकी प्राचीन नाही. तिचा मोठा भाग विसाव्या शतकात, विशेषतः १९३० च्या दशकात उभा राहिला. जपानी राजवटीत शहराची तटबंदी पाडली गेली आणि जपानी व्यापारी जुन्या शहराच्या आत सरकू लागले, तेव्हा स्थानिक कोरियन कुटुंबांनी पुंगनाम व ग्यो या भागांत जाणीवपूर्वक पारंपरिक धाटणीची घरे बांधली. त्या वस्तीच्या तोंडाशीच १९०८ ते १९१४ या काळात बांधलेले जोनदोंग कॅथेड्रल आहे, १७९१ मध्ये पहिल्या कोरियन कॅथलिकांना जेथे मृत्युदंड दिला गेला त्या जागेवर. जोंजूतील परंपरा ही अशी, आपोआप उरलेली नव्हे तर अडचणीच्या काळात ठरवून जपलेली गोष्ट आहे. स्टेडियमच्या आराखड्याकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण तेथेही परंपरा अशीच ठरवून आणलेली आहे.

खाण्याच्या बाबतीत जोंजूचा मान निर्विवाद आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने त्याला खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. येथील बिबिम्बापसाठी भात गोमांसाच्या रश्शात शिजवतात आणि पितळी वाडग्यात त्यावर सोयाबीनचे मोड, मुगाच्या सत्त्वाची पिवळी वडी, रानभाज्या, कच्च्या मांसाच्या पातळ चिरफाळ्या व गोचुजांग ही मिरचीची तिखट चटणी रचून देतात. सकाळी मात्र स्थानिक माणूस बिबिम्बाप खात नाही. तो मोडांच्या गरम पाण्यात भात घातलेले कोंगनामुल गुकबाप खातो. संध्याकाळी किटलीभर माक्कोल्ली, म्हणजे तांदळाची दुधाळ दारू, मागवली की तिच्याबरोबर टेबलभर पदार्थ येतात, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात भाजलेल्या सुक्या मासळीबरोबर बिअर पिण्याची 'गामेक' ही पद्धत तर खास इथलीच मानली जाते. हे सगळे स्वस्त, रोजचे आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे आहे. सामना संपवून बाहेर पडलेल्या हजारो भुकेल्या माणसांच्या दृष्टीने या तीन गुणांचे मोल कोणत्याही वारसास्थळापेक्षा कमी नाही.

गाण्याची परंपरा पान्सोरीची : एक गायक, एक ढोलवादक, आणि तासन्‌तास चालणारे कथागायन, ज्यात श्रोते मधूनमधून ओरडून दाद देतात. जोंजूत त्याची जुनी आणि मानाची स्पर्धा भरते. स्टेडियममधील घोषणांचा संबंध या दाद देण्याशी जोडणारे लेख वाचायला मिळतात. माहितीपत्रकाला ते शोभते. प्रकरण अभ्यासात पुरावा म्हणून टिकत नाही.

मैदान : छप्पर आणि धावपट्टी

जोंजू विश्वचषक स्टेडियम नोव्हेंबर २००१ मध्ये खुले झाले. ते शहराच्या वायव्य कडेला, द्रुतगती मार्गाच्या जोंजू फाट्याजवळ आहे आणि हानोक वस्तीपासून रस्त्याने साधारण आठ ते दहा किलोमीटर अंतरावर आहे. मालकी महापालिकेची. बांधकामाच्या वेळची क्षमता ४२ हजारांहून थोडी अधिक.

आराखड्यात तीन प्रतीके आहेत. छपराचा आकार हाप्जुकसन या घडीच्या पंख्याचा आहे. बांबूच्या पातळ चिपा जोडून त्यांवर हानजी, म्हणजे तुतीवर्गीय झाडाच्या सालीचा कागद चिकटवून हा पंखा बनवतात. जोसोन काळात राजाला नजराणा म्हणून पाठवायचे पंखे करण्यासाठी जोंजूच्या प्रांतिक कचेरीत स्वतंत्र कारखाना होता, त्यामुळे हे प्रतीक ओढूनताणून आणलेले नाही. कोपऱ्यांवरचे उंच खांब गावाच्या वेशीवर उभारल्या जाणाऱ्या सोत्दे या काष्ठस्तंभांची आठवण देतात, तर छपराला तोलून धरणाऱ्या तारा बारा तारांच्या गायागुम या वाद्याची. दुरून पाहिल्यावर, विशेषतः द्रुतगती मार्गावरून शहरात शिरताना, ही कल्पना डोळ्यांत भरते. आत बसलेल्या प्रेक्षकाला मात्र यातले फारसे काही दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच की मैदान जवळ आहे.

आणि हाच तो साधा निर्णय होता. २००२ साठी कोरियाने दहा शहरांत स्टेडियमे उभारली. त्यांपैकी बुसान, देगू आणि इंचॉन येथे मैदानाभोवती अ‍ॅथलेटिक्सची धावपट्टी ठेवली गेली. इतर क्रीडास्पर्धाही भरवता येतील हा त्यामागचा व्यवहारी विचार होता. जोंजूने धावपट्टी ठेवली नाही. कागदावर हा निर्णय उधळपट्टीचा वाटला असेल, कारण केवळ फुटबॉलसाठी ४२ हजार खुर्च्या म्हणजे शहरातील प्रत्येक पंधरा माणसांमागे एक खुर्ची. पुढे काय झाले ते पाहावे. इंचॉनचा क्लब २०१२ मध्ये मुनहाकचे प्रचंड मैदान सोडून नव्या, लहान, फुटबॉलपुरत्या स्टेडियममध्ये गेला. देगूच्या क्लबने २०१९ मध्ये हेच केले; सहासष्ट हजारांच्या मैदानात विखुरलेले प्रेक्षक बारा हजारांच्या मैदानात दाटीवाटीने बसू लागले आणि तिकिटे संपू लागली. २०२० मध्ये ग्वांगजूनेही लहान मैदान बांधून घेतले. जोंजूच्या क्लबला असे स्थलांतर करावे लागले नाही. अनेक कामांसाठी बांधलेले मैदान शेवटी कोणत्याच कामाचे राहत नाही, हे कोरियाने जवळजवळ दोन दशकांत आणि बऱ्याच पैशांनी शिकून घेतले. जोंजूला तो धडा पहिल्याच फटक्यात मिळाला होता, तो दूरदृष्टीने की नशिबाने, हे ठरवणे कठीण आहे.

२००२ : तीन सामने, तीन चित्रे

जोंजूच्या वाट्याला आलेले सामने नावाजलेले होते. ७ जूनला स्पेनने पॅराग्वेला ३-१ असे हरवले. बंदी संपवून परतलेला गोलरक्षक चिलावर्ट त्या दिवशी पॅराग्वेच्या गोलात होता आणि मोरिएन्तेसने उत्तरार्धात दोन गोल केले. १० जूनला भर पावसात पोर्तुगालने पोलंडचा ४-० असा फडशा पाडला आणि पावलेताने हॅट्ट्रिक साधली. १७ जूनला बाद फेरीत अमेरिकेने मेक्सिकोला २-० असे घरी पाठवले. मॅकब्राइड आणि डोनोव्हन यांचे ते गोल अमेरिकी फुटबॉलच्या इतिहासात आजही मानाने सांगितले जातात, आणि त्या निमित्ताने जोंजूचे नावही.

प्रेक्षकसंख्या पाहिली तर चित्र तितके उजळ नाही. पहिल्या सामन्याला अधिकृत आकड्यांनुसार सुमारे २४ हजार, दुसऱ्याला सुमारे ३१ हजार आणि तिसऱ्याला ३६ हजारांवर प्रेक्षक आले. बेचाळीस हजारांचे मैदान एकदाही भरले नाही. त्या स्पर्धेत परदेशांसाठी राखलेल्या तिकिटांच्या वाटपाचा गोंधळ झाला होता आणि कोरिया-जपानमधील अनेक सामन्यांत ओळीच्या ओळी मोकळ्या दिसल्या, हे खरे. तरी जोंजूच्या अडचणी स्वतःच्याही होत्या. कोरियातील द्रुतगती रेल्वे २००४ मध्ये सुरू झाली आणि ती जोंजूपर्यंत पोहोचायला २०११ उजाडले. विश्वचषकाच्या वेळी सोलला उतरलेल्या परदेशी प्रेक्षकाला जोंजू गाठायचे तर बस किंवा जुनी रेल्वे, आणि मुक्कामाला मोठ्या हॉटेलांची वानवा. शिवाय तिन्ही सामन्यांत कोरियाचा संघ नव्हता. पोर्तुगाल-पोलंड सामन्याच्याच दिवशी दुपारी देगूत कोरिया-अमेरिका सामना होता. सारा देश लाल सदरे घालून पडद्यांसमोर बसला होता, तो त्या सामन्यासाठी.

शहराकडे पान्सोरी होती, हानोक होते, जेवण होते, छपरावर पंखाही होता. या सर्वांनी तटस्थ सामन्यासाठी रिकाम्या खुर्च्या भरल्या नाहीत. यजमान शहराची संस्कृती आलेल्या माणसाला थांबवू शकते, पण न आलेल्या माणसाला आणू शकत नाही, असा निष्कर्ष या तीन सामन्यांवरून तरी निघतो.

मधली पंधरा वर्षे

स्पर्धेनंतर महापालिकेने उत्पन्नासाठी जे उपाय केले ते कोरियातील इतर शहरांसारखेच होते. मैदानाच्या परिसरात नऊ होलचे गोल्फ मैदान झाले, इमारतीत सार्वजनिक स्नानगृह आणि लग्नाचे सभागृह आले. राजाच्या पंख्याखाली लग्ने लागू लागली. त्याला हसण्याचे कारण नाही, रिकाम्या दालनाचे भाडे आले तर महापालिकेला ते हवेच असते. पण मैदानाला मैदान म्हणून अर्थ मिळाला तो जोनबुक ह्युंदाई मोटर्स या क्लबमुळे.

१९९४ मध्ये स्थापन झालेला हा क्लब विश्वचषकापूर्वी लीगमध्ये सामान्य होता. शेजारच्या वान्जू तालुक्यातील बोंगडोंग येथे ह्युंदाईचा ट्रक व बस बनवणारा कारखाना आहे आणि क्लबचे सरावकेंद्रही तेथेच आहे. २००५ मध्ये छोई कांग-ही प्रशिक्षक म्हणून आले आणि पुढच्याच वर्षी क्लबने आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. २००९ मध्ये, इतरांनी टाकून दिलेला आघाडीवीर ली दोंग-गूक संघात आला आणि त्याच हंगामात पहिले लीग विजेतेपद मिळाले. २०११ च्या विजेतेपदानंतरच्या सोहळ्यात छोई गवती टोपी व रबरी बूट घालून मैदानात आले, कारण चाहते त्यांना प्रेमाने 'बोंगडोंगचे सरपंच' म्हणत. शेतीप्रधान आणि औद्योगिकीकरणात मागे पडल्याची सल बाळगणाऱ्या जोल्ला प्रांतात त्या वेशाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. राजघराण्याच्या गावाने आपला नायक शेतकऱ्याच्या वेशात पाहिला आणि त्यालाच डोक्यावर घेतले. शहराची संस्कृती स्टेडियममध्ये शिरली ती बहुधा या वाटेने, कारण चाहत्यांनी मैदानाला दिलेले 'जोंजूचा किल्ला' हे नावही वास्तुविशारदाच्या प्रतीकांपैकी नाही.

५ नोव्हेंबर २०११ रोजी आशियाई चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात अल साद संघाविरुद्ध ४१,८०५ प्रेक्षक आले. जादा मिनिटांत बरोबरी साधूनही जोनबुक पेनल्टी शूटआऊटमध्ये हरला. २००२ मध्ये जगातील नामांकित संघांना जे जमले नव्हते, ते मैदान भरण्याचे काम पराभूत झालेल्या घरच्या संघाने केले. २०१५ च्या हंगामात तर के लीग या कोरियाच्या व्यावसायिक लीगमधील सर्वाधिक सरासरी प्रेक्षकसंख्या जोनबुकची होती. एक कोटीच्या आसपास वस्तीच्या सोललाही त्याने मागे टाकले. सामन्याच्या दिवशी महापालिका शहरातून स्टेडियमकडे खास बस सोडते, तिचा क्रमांक क्लबच्या स्थापनावर्षावरून १९९४ असा आहे.

२०१७ : सलामीचा मान आणि त्याची किंमत

वीस वर्षांखालील विश्वचषकासाठी सुवॉन, जोंजू, इंचॉन, देजॉन, चॉनान आणि जेजू या सहा ठिकाणांची निवड झाली. सोल त्यात नव्हते. अंतिम सामना सुवॉनला, सलामी जोंजूला. २० मे रोजी, शनिवारी, कोरियाने गिनीला ३-० असे नमवले आणि सदतीस हजारांच्या घरात प्रेक्षक आले. ली सुंग-वू, इम मिन-ह्योक आणि पेक सुंग-हो यांनी गोल केले. मध्यंतरापूर्वी झालेला एक गोल व्हिडिओ पंचाने रद्द ठरवला, कारण त्याआधीच चेंडू रेषेबाहेर गेला होता. बहुतेक प्रेक्षकांनी ही पद्धत प्रत्यक्ष मैदानावर प्रथमच पाहिली असणार. तीन दिवसांनी अर्जेंटिनाविरुद्ध ली सुंग-वू याने स्वतःच्या अर्ध्या भागाजवळून चेंडू घेऊन धाव घेतली आणि गोलरक्षकावरून चेंडू अलगद उचलून जाळ्यात टाकला. कोरिया २-१ असा जिंकला. पुढे सुवॉनला इंग्लंडकडून आणि चॉनानला पोर्तुगालकडून हरून यजमान बाहेर पडले, पण जोंजूत ते दोन्ही सामने जिंकले होते. ८ जूनला येथेच इंग्लंडने उपांत्य सामन्यात इटलीला ३-१ असे हरवले आणि तीन दिवसांनी सुवॉनला विश्वचषक उचलला.

या वेळी शहरही वेगळे होते. द्रुतगती रेल्वेने सोलहून दीड-पावणेदोन तासांत येता येत होते आणि हानोक वस्तीला वर्षाकाठी एक कोटीच्या आसपास लोक भेट देऊ लागले होते. प्रेक्षक सकाळी येऊन, भाड्याचा हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून वस्तीत हिंडून, जेवून संध्याकाळी मैदानाकडे जाऊ शकत होता. संस्कृतीचा खरा उपयोग येथे झाला : सामन्याच्या आधीचे आणि नंतरचे तास भरून काढण्यात.

आता किंमत. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धेसाठी मैदान आणि गवत आधीपासून राखून ठेवावे लागते. म्हणून २०१७ च्या हंगामाच्या सुरुवातीला जोनबुकला स्वतःच्या शहरातील १९६३ च्या जुन्या, धावपट्टीच्या क्रीडासंकुलात घरचे सामने खेळावे लागले. पाहुणा आला की घरच्यांनी पडवीत झोपायचे, तसा हा प्रकार होता. योगायोगाने त्या वर्षी क्लब आशियाई स्पर्धेत नव्हता. २०१३ मध्ये क्लबच्या एका कर्मचाऱ्याने पंचांना पैसे दिल्याचे सिद्ध झाल्याने आशियाई महासंघाने जानेवारी २०१७ मध्ये त्याला स्पर्धेबाहेर ठेवले होते. त्यामुळे सामन्यांची गर्दी कमी राहिली आणि वर्षअखेर लीगही जिंकता आली. ही शिक्षा नसती तर जुन्या संकुलात आशियाई सामने कसे पार पाडले असते, याचा विचार यजमानपदाच्या गौरवात फारसा झाला नाही.

त्यानंतर हाच प्रकार अधिक ठळकपणे घडला. ऑगस्ट २०२३ मध्ये सेमानगुम येथील जागतिक स्काउट मेळावा उष्णता आणि ढिसाळ व्यवस्थेमुळे अडचणीत आला, तेव्हा त्याचा समारोपाचा के-पॉप कार्यक्रम जोंजूच्या मैदानावर हलवण्याची घोषणा झाली. ९ ऑगस्टला तेथे जोनबुकचा कोरियन चषकाचा उपांत्य सामना ठरलेला होता. अवघ्या काही दिवसांच्या सूचनेवर तो पुढे ढकलावा लागला. मग वादळाच्या भीतीने कार्यक्रमही जोंजूत झालाच नाही, सोलला गेला. सामना शेवटी १ नोव्हेंबरला खेळवला गेला आणि तीनच दिवसांनी पोहांगमध्ये अंतिम सामना होता. जोनबुक तो ४-२ असा हरला. पराभवाची कारणे अनेक असतात, परंतु थकव्याचा मुद्दा वगळता येत नाही. कार्यक्रम घेणाऱ्यांपैकी कोणालाही या वेळापत्रकाची झळ बसली नाही.

मार्च २०२५ मध्ये तर मैदानच नापास झाले. आशियाई चॅम्पियन्स लीग टू या स्पर्धेत सिडनीविरुद्धचा घरचा सामना गवताच्या दर्जामुळे जोंजूत घेऊ देण्यास आशियाई महासंघाने नकार दिला आणि क्लबला तो सोलजवळच्या योंगइनला जाऊन खेळावा लागला. तेथे तो २-० असा हरला. कोरियातील बहुतेक मोठ्या मैदानांवर थंड हवेत वाढणारे केंटकी ब्लूग्रास लावलेले असते. दमट, तप्त उन्हाळ्यात ते जळते आणि गोठलेल्या हिवाळ्यानंतर मार्चमध्ये ते सावरलेले नसते. हंगाम मात्र आता फेब्रुवारीतच सुरू होतो. छपराच्या पंख्यावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. त्या छपराच्या सावलीतल्या गवताविषयी शहराला जाग आली ती सामना हातचा गेल्यावर.

भारताच्या संदर्भात

२०१७ मध्येच ऑक्टोबरात भारताने सतरा वर्षांखालील विश्वचषक भरवला. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम आणि मडगावचे फातोर्डा ही त्यातील दोन केंद्रे होती. एकाच वर्षी दोन्ही वयोगटांचे विश्वचषक इंग्लंडने जिंकले. नवी मुंबईचे मैदान खासगी संस्थेचे आणि मुळात क्रिकेटचे. फुटबॉल तेथे मधूनमधून येतो आणि जातो. जोंजूशी तुलना करायची तर ती फातोर्ड्याशी करावी. लहान शहर, फुटबॉलची जुनी आवड, रात्री जागणारे तियात्र आणि मैदानावर कायम राहणारा एक क्लब, या बाबी दोन्हीकडे आहेत. फरक जोडणीचा आहे. गोव्यात येणारा पर्यटक आणि फातोर्ड्यात बसणारा प्रेक्षक या बहुधा दोन वेगळ्या व्यक्ती असतात; जोंजूत २०१७ पर्यंत त्या निदान काही प्रमाणात एक झाल्या होत्या, त्या रेल्वेमुळे आणि चालत फिरता येण्याजोग्या जुन्या वस्तीमुळे.

पुढचा अर्ज

जोंजूतील त्या दोन विजयांचे एक फळ उशिरा दिसले. २०१७ च्या संघाचा गोलरक्षक सोंग बम-गून २०१८ मध्ये जोनबुकमध्ये आला. पेक सुंग-हो २०२१ मध्ये आला आणि जोनबुकचा खेळाडू असतानाच २०२२ च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध त्याने दुरून सणसणीत गोल केला. ली सुंग-वू २०२४ मध्ये आला. तरुणपणी ज्या मैदानावर त्यांना देशाने पाहिले, तेच पुढे त्यांचे घरचे मैदान झाले. यात योजना किती आणि बाजारभाव किती, हे वेगळे काढता येत नाही, पण शहराच्या प्रेक्षकांना ते अनोळखी नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये, मार्चमधील नामुष्कीच्याच वर्षी, जोनबुकने दहावे लीग विजेतेपद पाच फेऱ्या बाकी असतानाच निश्चित केले, आणि तेही जोंजूच्या मैदानावर.

दरम्यान फेब्रुवारी २०२५ मध्ये कोरियन ऑलिंपिक समितीने २०३६ च्या ऑलिंपिकसाठी देशाचा उमेदवार म्हणून सोलऐवजी जोनबुक प्रांताची, म्हणजे व्यवहारात जोंजूची निवड केली. मते ४९ विरुद्ध ११ अशी पडली. अहमदाबादचा दावाही त्याच वर्षासाठी असल्याने भारतीय वाचकाला या अर्जात रस असणे साहजिक आहे. नवी मैदाने न बांधता इतर शहरांतील मैदाने वापरण्यावर या योजनेचा भर आहे. अ‍ॅथलेटिक्स देगूच्या त्याच धावपट्टीच्या मैदानावर घेण्याचा प्रस्ताव आहे जे तेथील फुटबॉल क्लबने सोडून दिले. हा विचार शहाणपणाचा आहे. जोंजूपुरता प्रश्न मात्र अधिक जवळचा आहे. २०१७ मध्ये क्लबला सामावून घेणारे १९६३ चे क्रीडासंकुल पाडून तेथे परिषदा व प्रदर्शनांचे संकुल उभारायचे आहे, तर नवे अ‍ॅथलेटिक्स मैदान विश्वचषक स्टेडियमच्या शेजारीच बांधले जात आहे. पुढच्या वेळी मोठी स्पर्धा आली आणि स्टेडियम महिनोन्‌महिने राखून ठेवावे लागले, तर जोनबुकने आपले सामने कोठे खेळायचे, त्या मैदानात पुरेशा खुर्च्या, प्रकाशझोत आणि आशियाई महासंघाला मान्य होईल असे गवत असेल का, आणि त्याचा खर्च महापालिका देणार की क्लब, हे अर्ज पुढे जाण्याआधीच लेखी ठरवून घेणे जोंजूच्या हातात आहे.